झ्विटरआयन आणि आजीच्या म्हशी

मेकॅनिकलवाल्यांनो, लगेच पान उलटू नका! हे बायोटेकचं रडगाणं नाही, दुधाची गोष्ट आहे.

अमिनो आम्लाच्या रेणूला एकीकडे अमिनो गट असतो, दुसरीकडे कार्बोक्सिल. साध्या पाण्यात कार्बोक्सिल प्रोटॉन सोडून ऋणभारित होतो, अमिनो प्रोटॉन घेऊन धनभारित. एकाच रेणूवर दोन्ही भार, बेरीज शून्य. हाच तो झ्विटरआयन! आम्ल वाढवलं की कार्बोक्सिल प्रोटॉन परत घेतो, रेणू धनभारित होतो. अल्कलीत अमिनो गट प्रोटॉन सोडतो, रेणू ऋणभारित. कॉन्व्हेंटच्या कृपेने हे मला इंग्रजीत तोंडपाठ. पण घोटावड्याच्या आजीला मराठीत सांगायचं, तर ‘भार’ म्हणजे डोक्यावरचा का, इथपासून सुरुवात!

सांगायची वेळ आली गेल्या पावसाळ्यात. डेअरीवरून आठ लिटर दूध परत आलं. तिथे नळीत थोडं दूध आणि तेवढंच अल्कोहोल हलवून बघतात. गुठळ्या दिसल्या की दूध परत. आजी भडकली. वास नाही, चव बिघडलेली नाही. "खोट काढायलाच बसलेत मेले!" पेंडीचा हिशेब त्याच पैशांवर चालतो, तिचा राग खराच होता.

मग मी केसीनवर आले. दुधातलं हे प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. साखळीत टोकं गुंतून जातात, पण ग्लुटामिक, अस्पार्टिक आम्लांच्या बाजूच्या फांद्या मोकळ्या राहतात. ताज्या दुधाचा पीएच ६.६ च्या आसपास. तेव्हा केसीनच्या कणांवर ऋणभार असतो, ते एकमेकांना दूर ढकलतात. जिवाणूंनी लॅक्टिक आम्ल केलं की भार उतरू लागतो. ४.६ ला बेरीज शून्य, सगळे कण एकत्र. दही! अल्कोहोल कणांभोवतीचं पाणी ओढतं, म्हणून थोडा भार उतरला असला तरी चोरी पकडली जाते.

"म्हणजे जिभेच्या आधी दुधाला कळतं," आजी म्हणाली. तरी खात्री म्हणून तिने वाटीभर दूध चुलीवर ठेवलं. कडेने फाटायला लागलं.

"रातचं दूध सकाळच्यात ओतलं, त्यानं असंल," तिचं निदान. माझंही तेच होतं, पण ती आधी बोलली. आता तिच्याकडे दोन किटल्या आहेत.

उरलेलं दूध तिने नुसतं कोमट करून विरजलं आणि पातेलं गोधडीत गुंडाळलं; मुळशीच्या पावसात एरवी दही धड लागत नाही. सकाळी डबा भरून दिला. आमच्या मजल्यावर दहा मिनिटांत संपला.