जे पाण्यात विरघळले नाही

आमच्या पूर्वजांनी ज्या ज्वारीवर दिवस काढले, तिचे पीठ आज परदेशातील प्रयोगशाळेत आम्हा काहींच्या हाती येते. तेव्हा त्यातील प्रथिने मोजणे हे केवळ नोकरीचे काम राहत नाही.

पीठ पाण्यात ढवळून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले आणि वरच्या द्रवात कूमासी निळा रंग घातला, तर निळाई फिकीच राहते. मिठाच्या पाण्यानेही फारसा फरक पडत नाही. येथेच थांबलो तर ज्वारीत प्रथिन नगण्य, असा चुकीचा निष्कर्ष निघेल. ज्वारीचे मुख्य प्रथिन काफिरिन. अल्कोहोलमिश्रित द्रावण आणि रेणूंमधील गंधकाचे बंध तोडणारे रसायन दिले, की ते बाहेर येते. अमेरिकेतील थॉमस ऑसबोर्न यांनी धान्यातील प्रथिनांचे वर्ग पाडले तेही याच आधारावर: कोणते पाण्यात, कोणते मिठाच्या द्रावणात, कोणते अल्कोहोलात, कोणते आम्लात वा अल्कलीत विरघळते.

दुसरी रीत डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांची, १८८३ सालची. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, नायट्रोजन मोजायचा आणि साधारणपणे ६.२५ ने गुणायचे. विरघळण्याचा प्रश्न येथे उरत नाही. पण नायट्रोजन प्रथिनाचा की आणखी कशाचा, हे या रीतीस कळत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये उघड झालेल्या दूधभेसळीत मेलामाइन मिसळणाऱ्यांनी हीच फट वापरली. त्यात तान्ह्या मुलांचे जीव गेले.

म्हणून कोणताही आकडा समोर आला, की तो कोणत्या रीतीने काढला हे आम्ही आधी विचारतो. शाळेचे दार बंद ठेवून आमच्या समाजाची बुद्धी मोजली गेली, तेव्हाही हाच प्रश्न विचारायला हवा होता. बाबासाहेबांनी तो विचारला. परंपरा आहे वा ग्रंथात आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलेच होते.

तीच कसोटी आपल्या अभिमानालाही लागू आहे. ज्वारीत लायसिन कमी असते आणि शिजवल्यावर तिची प्रथिने पचायला अधिक जड जातात. तुरीच्या डाळीतील लायसिन ही उणीव बरीच भरून काढते. ज्या घरांत डाळ रोज परवडत नसे, तेथे ती उणीव मुलांच्या शरीरांनी सोसली. आज आपल्या मुलांच्या ताटात भाकरीशेजारी वरण वाढताना हेही त्यांना सांगावे.