राखीव क्षेत्र

पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण १३ बाय १० मीटरचे. त्यात दोन्ही बाजूंना एकेक मीटरचे राखीव क्षेत्र असते. स्पर्श झाल्यावरच ते खेळात येते. त्याआधी तेथे पाऊल पडले, तर चढाई करणारा बाद.

शाळकरी वयात गंगाखेडला गोदाकाठी मी एका सामन्यात रेषापंच होतो. थोरल्या बंधूंचे पाऊल स्पर्शाविना फक्कीच्या रेषेपलीकडे पडले. मी हात वर केला नाही. ते जिंकले. रात्री त्यांनी विचारले, "तू पाहिलेस ना?" मी नाही म्हणालो.

पुढे बँकेत कर्जमर्यादा मंजूर करताना आप्तांनी "थोडे चालवून घ्या" म्हटले, की तो प्रश्न आठवे आणि लेखणी थांबे. बंधू आता नाहीत. त्यांना द्यायचे उत्तर आज येथे लिहितो: होय, पाहिले होते.