एक दात जास्त

एमजीए ही १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. तिच्या मागच्या ॲक्सलमध्ये पिनियन या छोट्या गिअरला १० दात, त्यात अडकणाऱ्या मोठ्या क्राऊनला ४३. नंतर आलेल्या एमजीबीत क्राऊन तेवढाच, पिनियनला मात्र ११. पुष्कळ शौकीन एमजीएत ही जोडी बसवून घेतात. कारण छत्रपती संभाजीनगरातल्या मिस्त्रीला सांगावं लागत नाही. जालना रोडला त्याच वेगात इंजिनाचे फेरे नऊ टक्क्यांनी कमी होतात; दौलताबादच्या घाटात गिअर जरा लवकर पाडावा लागतो, एवढंच.

वेग दाखवणाऱ्या मीटरचं गणित मात्र तिथेच बिघडतं. त्याची केबल फिरते गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून. त्याच्याही मागे झालेला बदल तिला कळत नाही. काटा ६० मैलांवर असतो, गाडी धावते ६६ ने.

चांगला मिस्त्री आधी मोजतो. स्मिथ्सच्या जुन्या मीटरवर बारीक आकडा छापलेला असतो, समजा १०००. एका मैलाला केबलने तेवढे फेरे घ्यायचे. तो टायरमध्ये हवा नीट भरतो, केबल मीटरपासून सोडवतो, तिच्या आतल्या तारेला पुठ्ठ्याचा बाण अडकवतो. मग गाडी न्यूट्रलमध्ये अगदी सरळ ढकलायची, १६ मीटर ९ सेंटीमीटर. हा मैलाचा शंभरावा भाग. बाणाने १० फेरे घ्यायला हवेत. तो ९ फेरे घेऊन दहाव्याच्या सुरुवातीलाच थांबतो.

आता इलाज. काट्यामागे फिरतं लोहचुंबक, त्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी, तिला आवरणारी केसासारखी स्प्रिंग. स्प्रिंग थोडी सैल केली की काटा बरोबर दाखवतो, आणि बरेच जण तिथेच काम आटोपतं घेतात. पण अंतराचे आकडे स्प्रिंगवर नव्हे, दातांवर फिरतात. ते मागेच राहतात. सर्व्हिसिंगचा हिशेब त्यांच्यावरच असतो, म्हणून ही दुरुस्ती अर्धीच म्हणायची.

पुरी दुरुस्ती म्हणजे गिअरबॉक्स आणि केबलच्या मधे बसणारी छोटी डबी. आत गिअर असे की गिअरबॉक्सकडून आलेल्या २० फेऱ्यांचे केबलला २२ मिळतात. ती इथेच बनवून घेता येते: शहराजवळच्या वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला, त्याच्याभोवती सुटे भाग करणारे कारखाने वाढले. गिअर कापणारा हात या शहराला परका नाही.

मग पुन्हा जालना रोड. किलोमीटरचे दगड मोजत दहा किलोमीटर जायचं. डबीआधी मीटरवर ५.६ मैल दिसत होते. आता ६.२.