आमचा अग्निबाण

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि बडोद्याच्या रस्त्यावर गुजराती. विज्ञानाची भाषा मात्र आम्हांस कधी आली नाही. तरीही स्नेहसंमेलनासाठी पाण्याचा अग्निबाण करण्याचे काम आम्ही मोठ्या हौसेने अंगावर घेतले. दोन लिटरची बाटली, तिच्यात तृतीयांश पाणी, पुठ्ठ्याचे तीन पंख आणि सायकलचा पंप, एवढेच साहित्य! २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंब्याहून उडालेल्या अमेरिकी बनावटीच्या 'नाइकी-अपाची'चे भागही सायकलवरून वाहिले गेले होते, हे मुलांना सांगताना आमची छाती फुगली.

पालकांसमक्ष बाण दोन पुरुष उंच गेला, कोलांटी खाऊन खुर्च्यांपुढे आदळला. हशा पिकला. लाजेच्या भरात आम्ही पंख कापणाऱ्या विद्यार्थ्यावर सर्वांदेखत रागावलो. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने रिकामा बाण बोटावर तोलून दाखविला. भारमध्य शेपटाकडे होता! तो वाऱ्याच्या दाबमध्याच्या पुढे, नाकाच्या बाजूस असेल, तरच बाण सरळ जातो. आणि देखणे दिसावे म्हणून नाक पातळ कागदाचे केले होते ते आम्हीच.

वर्गापुढे उभे राहून आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. मग त्याने नाकात लिंबाएवढी चिकणमाती बसविली. या खेपेस बाण शाळेच्या छपराहून उंच, सरळ गेला.

बालमित्रांनो, शेपूट भरकटले की दोष पुष्कळदा नाकात असतो. आमच्या बाबतीत तर तो निश्चितच होता.