भादवा लागलेला खंड्या

भाद्रपद म्हटलं की शहरातल्या माणसाला गणपती आठवतात. आमच्याकडे गणपतीसोबत कुत्रीही आठवतात. ‘भादव्यातलं कुत्रं’ ही शिवी तुम्ही कुठेतरी ऐकली असेल, प्रचारसभेत नाहीतर कट्ट्यावर एखाद्या नव्याने प्रेमात पडलेल्या मित्राला उद्देशून. शिवी जुनी आहे आणि तिच्यातली माहिती खरी आहे. गावातल्या मोकाट कुत्र्यांचा मुख्य हंगाम पावसाळा सरत आला की सुरू होतो. कुत्री साधारण 63 दिवस गाभण राहते. म्हणजे भाद्रपदात जमलेल्या जोडीची पिल्लं कार्तिकात जन्मतात आणि पुढचा भाद्रपद उजाडतो तेव्हा त्यातला नर दहा महिन्यांचा झालेला असतो. नर कुत्रा वयात येतो तो सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान. पंचांगाची आणि शरीराची गाठ अशी नेमकी पडते.

आमचा खंड्या असाच कार्तिकातला. बाजारतळामागे झालेल्या पाच पिल्लांपैकी एक, अंगाने तांबूस, एक कान पडलेला.

आमचं घोडेगाव नेवासा तालुक्यात, नगर-संभाजीनगर महामार्गावर. नगरचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, पण एसटीत बसलेला माणूस अजून ‘एक नगर द्या’ असंच म्हणतो. शनिशिंगणापूरला जाणारे भाविक इथूनच वळतात. शुक्रवारी जनावरांचा मोठा बाजार भरतो, त्यात म्हशींचा मान पहिला. कांद्याचे लिलाव असले की रस्त्याला ट्रॅक्टरची रांग लागते. आमची वस्ती गावापासून दीडेक किलोमीटरवर. थोडी शेती, दोन म्हशी, एक कांदाचाळ, आणि घरात आजोबा, नाना म्हणजे माझे चुलते, आई आणि मी.

आषाढापर्यंत खंड्या सगळ्यांचा लाडका होता. हाक मारली की बांधावरून धावत यायचा, ‘बस’ म्हटलं की बसायचा. मग तो हळूहळू दुसराच कुणीतरी झाला. आधी त्याने पाय वर करायला सुरुवात केली. कांदाचाळीचा खांब, नानांच्या मोटारसायकलचं चाक, आईने वाळत घातलेल्या पापडाच्या खाटेचा पाय, सगळ्यांवर त्याची सही. मग पाहुण्यांच्या पायावर चढणं. मग शेजारच्या वस्तीवरच्या कुत्र्याशी, ज्याच्यासोबत तो लहानपणापासून खेळत होता, रोजची मारामारी. श्रावणात एकदा तो दोन रात्री गायब झाला आणि तिसऱ्या दिवशी फाटलेला कान घेऊन परतला. जखमेत चिखल होता. महामार्ग ओलांडून गेला असणार, कारण माजावर आलेली कुत्री तिकडच्या ढाब्याजवळ होती. त्या रस्त्यावर आठवड्याला एखादं कुत्रं तरी चिरडलेलं दिसतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. तो माझं ऐकेनासा झाला होता, पण म्हशीचं दूध न्यायला येणाऱ्या शाळकरी पोराने ‘बस’ म्हटलं की मुकाट बसत होता. ह्यावर इंग्लंडातल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्यांनी कुत्र्यांना पाचव्या आणि आठव्या महिन्यात ‘बस’ ही आज्ञा देऊन पाहिली. आठव्या महिन्यात कुत्री आपल्या माणसाचं आधीपेक्षा कमी ऐकत होती, परक्या माणसाचं मात्र तेवढं कमी नाही. माणसांची पोरं चौदाव्या-पंधराव्या वर्षी बाहेर ‘किती गुणी’ आणि घरात आग्यावेताळ असतात, तसंच हे. आणि त्यांच्या सर्वेक्षणात वर्षभराच्या आसपास हा ताण निवळलेलाही दिसला. हे वाचलं त्या रात्री मला जरा बरी झोप लागली.

घरात मात्र निकाल लागला होता. ‘बिघडलं कुत्रं.’ नाना म्हणाले, ‘शिंगणापूरच्या रस्त्याला सोडून ये. भाविकांचं खाईल, जगंल.’ नाना दुष्ट नाहीत. कुत्रं सोडून देणं ही आमच्याकडे शिक्षा समजली जात नाही, सोय समजली जाते. पण परक्या हद्दीत सोडलेल्या नराला तिथली कुत्री पहिल्याच रात्री घेरतात. पाणी कुठे, ऊन लागलं तर बसायचं कुठे, हे त्याला माहीत नसतं. जनावराची उपासमार होईल अशा अवस्थेत त्याला टाकून देणं हा 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हाही आहे. कायद्याचं नाव घेतल्यावर नाना हसले, पण सोडून देण्याचा विषय त्या दिवसापुरता मिटला.

दुसरा उपाय साखळीचा. आम्ही आठवडाभर तो केला. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला येणारा-जाणारा सगळा दिसतो, वास येतात, पण ना जवळ जाता येत ना पळता येत. आधी जो नुसता भुंकायचा तो चौथ्या दिवशी दात दाखवायला लागला.

तेव्हा आजोबा मध्ये पडले. त्यांनी उभं आयुष्य बैल घेण्या-विकण्यात घालवलंय. जनावराचं वय ते दात बघून सांगतात. आदत, दुसा, चौसा, जुळलेला. ते म्हणाले, ‘गोऱ्हा दुसा झाला की त्याची नजर बदलती. कालपर्यंत हातातला पेंडीचा गोळा खाणारं जनावर शिंग हलवाया लागतं. तवा त्याला मारायचं नसतं आन् खुट्याला बी कुजवायचं नसतं. शिकवायला काढायचं.’

मी लगेच म्हणालो, ‘आणि बडवायचं.’

आजोबा गप्प झाले. गोऱ्हा बडवणं म्हणजे खच्ची करणं. पूर्वी गावात ते लाकडात धरून ठेचून करायचे. मग सरकारी दवाखान्यात बर्डिझोचा चिमटा आला. त्यात कातडी कापली जात नाही, आतली शीर दाबली जाते. ह्या गावात असा बैल नाही ज्याचं हे झालेलं नाही, आणि त्याबद्दल कुणालाही कधी वाईट वाटलेलं नाही. कुत्र्याचं म्हटलं की मात्र घरातले पुरुष अवघडून बसतात. ह्यात भाषेचाही हात आहे. आपण ‘कार्यकर्त्यांचं खच्चीकरण’ असं पेपरात वाचतो, तेव्हा त्याचा अर्थ अपमान, उमेद मारणं असा असतो. तोच शब्द कुत्र्याच्या ऑपरेशनला लावला की ऑपरेशन होण्याआधीच कुत्र्याची मानहानी झालेली असते. मी घरात ‘नसबंदी’ म्हणायला लागलो. थोडा फरक पडला.

आजोबांची खरी शंका वेगळी होती. ‘बैल बडवतो तो औताला पाहिजे म्हणून. कुत्र्याचं काम राखणीचं. बडवलेलं कुत्रं राखण करील का?’ मी त्यांना शेजारच्या वस्तीकडे बोट दाखवलं. तिथे रात्री सगळ्यात आधी जी भुंकते, जिच्या भीतीने कांदा चोरणारे फिरकत नाहीत, ती कुत्री आहे, मादी. राखण करायला अंडकोश लागत नाहीत. आजोबांनी मान डोलावली. बाजारातल्या माणसाला दाखला पटतो, भाषण पटत नाही.

मग मी वही घेतली आणि खंड्याच्या तक्रारी दोन रकान्यांत लिहिल्या. एका रकान्यात वयात येण्याच्या गोष्टी, म्हणजे भटकणं, चढणं, जागोजागी मुतणं, नरांशी मारामारी. दुसऱ्या रकान्यात एकच गोष्ट होती, हेल्मेटवाला. ऑनलाइन पार्सल घेऊन येणारा मुलगा हेल्मेट न काढता अंगणात यायचा आणि खंड्या त्याच्यावर धावून जायचा. आमच्या वस्तीवर हेल्मेट घालून येणारा माणूस विरळाच. कुत्र्याचं पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत जे पाहतं ते त्याला जगाचा भाग वाटतं, आणि जे पाहत नाही त्याची पुढे भीती वाटू शकते. खंड्याने त्या वयात म्हशी, ट्रॅक्टर, कांद्याच्या गोण्या सगळं पाहिलं. हेल्मेट पाहिलं नाही. दहाव्या महिन्यात त्याच्या अंगात ताकद आली आणि भीतीला दात फुटले.

हे दोन रकाने वेगळे करणं फार गरजेचं आहे, कारण नसबंदी पहिल्याच रकान्यावर नीट काम करते. 1997 साली अमेरिकेत 57 प्रौढ नर कुत्र्यांचा अभ्यास झाला. भटकणं, चढणं आणि मुतून खुणा करणं ह्या तीन गोष्टींत 60 टक्के किंवा त्याहून जास्त कुत्र्यांमध्ये निम्म्याहून अधिक सुधारणा दिसली. आक्रमकपणात चांगला फरक एक तृतीयांशाहून कमी कुत्र्यांत पडला. अनोळखी माणसांवर धावून जाण्यावर आणि वस्तूंच्या भीतीवर लक्षात घेण्यासारखा परिणाम आढळला नाही. म्हणजे ‘चावतोय ना, नसबंदी करा, शांत होईल’ हा सल्ला अर्धवट आहे. घाबरून चावणारा कुत्रा ऑपरेशननंतरही घाबरलेलाच राहतो.

नगरच्या पशुवैद्यकांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मोठ्या अंगाच्या जातींमध्ये हाडांची वाढ पूर्ण होण्याआधी नसबंदी केली तर सांध्यांच्या दुखण्याचा धोका वाढू शकतो, म्हणून लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डवाल्यांनी वय विचारूनच ठरवावं. दुसरं, मोकाट फिरणाऱ्या नराला समागमातून लागण होणारा गुप्तांगाचा ट्यूमर होतो, आणि आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत तो सर्रास दिसतो. त्यावर केमोथेरपीचं इंजेक्शन चालतं, पण दर आठवड्याला नगरला कुत्रं घेऊन जाणं वस्तीवरच्या माणसाला सोपं नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याचं लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे. रेबीजची लस आम्ही आधीच दिली होती.

दिवाळीनंतर खंड्याचं ऑपरेशन झालं. संध्याकाळी तो गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घालून घरी आला आणि भोंग्यासकट चाळीच्या खांबाला धडकला. नाना त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्यावर मनापासून हसले. टाके निघेपर्यंत दहा-बारा दिवस तो घरात झोपला. पुढचा महिनाभर तरी त्याला कुत्र्यांजवळ जाऊ देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, कारण आधीचे शुक्रजंतू नळीत काही आठवडे टिकतात.

दीड-दोन महिन्यांत भटकणं जवळपास थांबलं. चढणं संपलं. मुतून खुणा करणं कमी झालं, पण फाटकाचा खांब त्याने सोडलेला नाही, तो आम्ही त्याला देऊन टाकला. बाकीच्या जागा साबणाच्या पाण्याने, मग व्हिनेगरने धुतल्या. अमोनियाच्या वासाचं काहीही वापरू नका. कुत्र्याला तो मुताचाच वास वाटतो आणि तो तिथेच पुन्हा पाय वर करतो.

‘शिकवायला काढायचं’ हे आजोबांचं वाक्य मी शब्दशः घेतलं होतं. ऑपरेशनच्या आधीपासून रोज संध्याकाळी दहा मीटरचा दोर लावून मी त्याला बांधाबांधाने फिरवत होतो. घाई न करता, पोटभर हुंगू देत. हाकेला आला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. दहा हाकांपैकी चारला यायचा, मग सहाला, मग नऊला. ओरडलो असतो तर हाकेचा अर्थ ‘बोलणी खायला ये’ असा झाला असता.

हेल्मेटवर काम वेगळं चाललं. नानांचं जुनं हेल्मेट अंगणाच्या पार टोकाला ठेवायचं, खंड्या ते बघून शांत राहील इतक्या लांब त्याला उभं करायचं आणि अंडं द्यायचं. तीस पावलांवरून सुरू केलं. काही दिवसांनी हेल्मेट मी डोक्यात घातलं, मग आईने. आई हेल्मेट घालून पापडाच्या खाटेपाशी बसलेली बघून गल्लीतल्या बायका अजून विचारतात. होळीपर्यंत पार्सलवाला पाच पावलांवर आला तरी खंड्या फक्त भुंकत होता. आजही पार्सल येणार असलं की आम्ही त्याला आत घेतो. चावा ही प्रयोग करून बघायची गोष्ट नाही.

मी पिल्लांना घर शोधून देणाऱ्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहे. दिवाळीच्या सुमारास तिथे गोंडस व्हिडिओ येतात आणि पिल्लं भराभर उचलली जातात. पुढच्या पावसाळ्यात त्याच ग्रुपवर दुसऱ्या प्रकारचे मेसेज सुरू होतात. ‘मेल, 9 महिने, अर्जंट घर हवं, अचानक ॲग्रेसिव्ह झालाय.’ मी त्यांना आधी वही काढायला सांगतो. कोणत्या गोष्टी वयाबरोबर आल्या ते एका रकान्यात लिहा, भीतीच्या गोष्टी दुसऱ्यात. पहिला रकाना डॉक्टरांना दाखवा, दुसरा स्वतःकडे ठेवा आणि अंडी उकडायला घ्या. काहीजण उत्तर देत नाहीत. काहीजण चार महिन्यांनी फोटो पाठवतात, आणि त्यातला कुत्रा त्यांच्याच सोफ्यावर झोपलेला असतो.