चाकावरचा खांब

"शॉकप गेलेत, गाडी फार आपटते." गॅरेजमध्ये येणारं गिऱ्हाईक हेच सांगतं. त्याला आराम गेल्याचं दुःख असतं. मला काळजी असते चाकाने रस्ता सोडण्याची.

पुढच्या चाकावर येणारं गाडीचं वजन पेलते स्प्रिंग. एकटी असती तर ती खड्ड्यात दबून उसळतच राहिली असती. तिला आवरतो स्ट्रटमधला, म्हणजे पुढच्या चाकावर उभ्या असलेल्या शॉकपच्या खांबातला, पिस्टन. तो वरखाली होताना तेलाला बारीक छिद्रांतून, झडपांतून वाट काढावी लागते आणि उसळीचं बळ उष्णतेत जिरतं. म्हणून खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा स्ट्रट हाताला गरम लागतो. वाळूजला एंड्युरन्सच्या कारखान्यात दुचाकींचे शॉकप बनतात, त्यांतही नियम हाच.

पण दुचाकीचा मागचा शॉकप फक्त उसळी आवरतो आणि भार पेलतो. स्ट्रट चाकालाही उभं धरतो. खाली चाकाला गाडीशी जोडणारा लोअर आर्म असतो, वरचा आर्म नसतोच. त्याच्या जागी हा खांब उभा, आणि स्टिअरिंग वळवलं की वरच्या बेअरिंगवर तो फिरतो. अर्ल मॅकफर्सन यांची ही रचना १९५०-५१ मध्ये इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर गाड्यांत आली. भाग कमी, जागा कमी, त्यामुळे आडव्या इंजिनाच्या छोट्या गाड्यांना ती फार सोयीची. १९८३ च्या मारुती ८०० लाही पुढे स्ट्रटच होते.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता लाटा धरतो. खड्डा दिसला की माणूस ब्रेक दाबतो. लाट दिसत नाही, वेग तसाच राहतो. दमलेला स्ट्रट तिथे उघडा पडतो. पहिल्या लाटेवर उठलेली गाडी स्थिरावण्याआधीच दुसरी लाट येते, चाकावरचा भार हलका होतो. नेमका तेव्हा ब्रेक लागला, तर टायर पकड सोडून घसरतो.

नव्या पोराला मी पान्याआधी एकच गोष्ट शिकवतो: स्प्रिंग क्लॅम्पने दोन्ही बाजूंनी सारखी दाबून तिचा ताण उतरल्याशिवाय स्ट्रटच्या माथ्यावरच्या मधल्या नटाला हात लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते.

तुम्ही एवढं करा. टायरवर तळहात फिरवा, ठिकठिकाणी उंचसखल लागलं तर स्ट्रट तपासून घ्या. स्ट्रट तेलाने ओला दिसला तर डावा-उजवा जोडीने बदला. आणि अलाइनमेंटचे पैसे वाचवू नका. स्ट्रट काढला की चाकाचा कल हलू शकतो.