होडीचे कापड

लोहिया बाजारातील दुकानदाराने आमच्यापुढे दोन डबे ठेवले आणि तो म्हणाला, "मास्साब, दोनों एक ही चीज़ हैं, बस दाम का फ़र्क़ है." गेल्या वर्षी आम्ही त्या वाक्यावर विसंबलो. दोष त्याचा नव्हे. समानार्थी म्हणवणारे दोन शब्द सर्वस्वी सारखे कधीच नसतात, असे वर्षानुवर्षे मुलांना सांगणाऱ्या माणसाने दोन डब्यांतला भेद विचारू नये, हा दोष आमचाच.

समुद्रापासून इतक्या दूरच्या ग्वाल्हेरीत होडी कशासाठी, असे पुष्कळांनी विचारले. शहराला पाणी पाजणारा तिघऱ्याचा जलाशय जवळ आहे आणि सात वर्षांच्या नातीला आम्ही शब्द देऊन बसलो आहोत, एवढेच उत्तर आमच्यापाशी आहे. होडी दहा फुटांची, प्लायवूडची. तिची रीत इंग्लंडात १९६३ साली निघालेल्या 'मिरर' नावाच्या घरगुती होडीची: फळ्यांच्या कडांना भोके पाडायची, त्या तांब्याच्या तारेने टाचायच्या आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी रेझिनने चिकटवायची. आपल्याकडे काथ्याने जहाज शिवण्याची विद्या फार जुनी. गोव्यात तशाच रीतीने शिवलेले 'कौंडिण्य' मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले, तेव्हा आमच्या अंगणातल्या तारांच्या टाक्यांनाही थोडी प्रतिष्ठा आली असे आम्हांस वाटले.

गेल्या वर्षीच्या होडीला आम्ही स्वस्त डब्यातले पॉलिएस्टर रेझिन आणि आखूड तंतूंची मॅट लावली. दिसायला होडी सुरेख झाली. एक पावसाळा ती अंगणात उताणी राहिली. दिवाळीच्या सुमारास सहज एका नाण्याने तिच्या तळावर टकटक केले, तर मागच्या बाजूस आवाज पोकळ आला. नख घातले आणि सालपट निघावे तसा काचेचा थर हातात आला. खालचे लाकूड काळे पडले होते. नात तेव्हा शेजारीच उभी होती, तिने विचारले, "आजोबा, ही बुडली असती का?" आम्ही उत्तर दिले नाही. तिघऱ्याचे धरण १९१६ साली बांधून झाले आणि १९१७ सालीच फुटले. पाणी पायाखालच्या वालुकाश्मात शिरले होते. वरून दिसणाऱ्या भक्कमपणावर विसंबू नये, हे या गावात राहणाऱ्यास तरी ठाऊक असावयास हवे होते.

मग आम्ही वाचावयास लागलो. पॉलिएस्टर घट्ट होताना बरेच आकसते, लाकडाला वरवर धरते आणि ओल हळूहळू आत जाऊ देते. संपूर्ण काचतंतूंच्या होडीला ते चालते, कारण तेथे लाकूडच नसते. 'मिरर'च्या सांध्यांवरही तेच होते आणि त्या होड्या हजारोंनी तरल्या, हे खरे. पण त्या वापरून झाल्या की काठावर ओढून वाळवीत. आमच्यासारख्या आळशी नाखव्याला इपॉक्सीच योग्य. ते फार कमी आकसते आणि लाकडाच्या रंध्रांत मुरून बसते.

कापडाचा प्रश्न त्याहून मनोरंजक निघाला. मॅटमधले तंतू ज्या चिकटद्रव्याने एकत्र राखलेले असतात, ते बहुधा पॉलिएस्टरमधील स्टायरीनमध्ये विरघळेल अशा बेताचे असते. इपॉक्सीत स्टायरीन नाही, म्हणून मॅट नीट भिजत नाही आणि रेझिन मात्र भरमसाट पिते. तेव्हा विणलेले कापड घ्यावे, चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम वजनाचे. भिजले की ते काचेसारखे पारदर्शक होते; जेथे पांढुरके दिसेल तेथे ते उपाशी आहे असे समजावे. सांध्यांवरच्या पट्ट्या कापडातून तिरप्या कापाव्या, म्हणजे उभे आणि आडवे दोन्ही धागे सांधा ओलांडतात. ही गोष्ट आमच्या सौभाग्यवतींना सांगावी लागली नाही. "उरेब म्हणतात त्याला," त्या म्हणाल्या आणि कात्री आमच्या हातातून काढून घेतली.

इपॉक्सीत हार्डनर अंदाजाने ओतून चालत नाही. जास्त घातला म्हणून ते लवकर वाळत नाही, उलट कच्चे राहते. आमच्या घरी आता सोनाराला शोभेल असा तराजू आहे. ग्वाल्हेरच्या जूनमध्ये तर वाटीत ठेवलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागते. म्हणून ते पसरट ताटलीत घ्यावे, सावकाश घट्ट होणारा हार्डनर मागावा आणि पहाटेच काम उरकावे. दमट हवेत पृष्ठावर मेणचट थर येतो, तो पॉलिशपेपर फिरवण्यापूर्वी पाण्याने धुवावा. हातमोजे अवश्य, या द्रव्याची एकदा त्वचेला बाधा झाली की जन्मभर सुटत नाही. आणि वर रंग हवाच, कारण उन्हात इपॉक्सी झिजते.

खर्चाचा आकडा पाहून आम्ही दोन दिवस गप्प होतो. धीर दिला तो 'म्हादेई'ने. रत्नाकर दांडेकर यांनी गोव्यात बांधलेली ही छप्पन्न फुटी नौका लाकडी पट्ट्यांची, वरून इपॉक्सी आणि काचेचे कापड. कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. आम्हांस तिघऱ्यापलीकडे जावयाचे नाही.

तरीही यंदा घरातून अट पडली: आधी तुकडा, मग होडी. मरीन प्लायच्या दोन फळकुटांवर, एकावर जुने रेझिन आणि एकावर नवे, अशा पट्ट्या चिकटवून आम्ही ती महिनाभर बादलीत बुडवून ठेवली. परवा सर्वांसमक्ष पक्कड लावली. पहिली पट्टी स्वच्छ सुटून आली. दुसरी ओढताना आम्हांस घाम फुटला, आणि अखेर निघाली ती लाकडाचा थर उपटून घेऊनच. नातीने तो तुकडा आपल्या दप्तरात ठेवला आहे.